नाबरांचं चित्र

त्या चित्रावरचा तपकिरी कागद उर्वशी मॅडमनी स्वतःच्या हातांनी सोडवला आणि निकेतच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. आठ वर्षं चित्रांच्या धंद्यात काढलेल्या माणसाच्या तोंडून असं काही सहज निघत नाही. चित्र समोर आलं की तो आधी उजवा खालचा कोपरा पाहायचा, मग पाठ, मग चौकट. चित्र सगळ्यांत शेवटी. पण २००६ सालच्या मार्चमधल्या त्या सकाळी, फोर्टातल्या मॅडमच्या लिलावघराच्या मागच्या खोलीत, त्यानं आधी चित्र पाहिलं. वाळूवर कलती करून ठेवलेली होडी. तिच्या फटींत कापूस ठोकत बसलेला एक पाठमोरा माणूस. दुपारचं ऊन इतकं पांढरं की वाळू आणि आकाश यांच्यातली रेघच विरून गेलेली. आणि होडीच्या पोटावर कुणी ओल्या हातानं चापट मारावी तसा एक तांबडा पट्टा. ‘नाबर,’ मॅडम म्हणाल्या. ‘कोकणातला काळ. सही नाही, पण त्यांच्या बाईंनी वीस वर्षं झोपायच्या खोलीत लावलेलं होतं.’ त्या बोलत होत्या तेवढ्यात निकेतला त्या पाठमोऱ्या माणसाचं नाव आठवलं. बाबली. कुणकेश्वरचा बाबलीकाका. हे चित्र नाबरांनी काढलेलं नव्हतं. ते निकेतच्या बापानं काढलं होतं, घराच्या पडवीत बसून, आणि तेव्हा दहा वर्षांचा निकेत रंगाचा डबा धरून शेजारी उभा होता.

रघुवीर नाबर हे नाव तेव्हा गावात कुणाला माहीत नव्हतं. मुंबईचे कोणीतरी पेंटर, हवापालटासाठी देवळाच्या पलीकडे खोली घेऊन राहिलेत, एवढंच. चौऱ्याऐंशीची दिवाळी झाल्यावर आले आणि पुढच्या मे महिन्यात खोकत खोकत परत गेले. गुणाजी मास्तर, म्हणजे निकेतचे बाबा, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत होड्यांवर नावं घालायचे. मास्तर नाबरांच्या मागं मागं किनाऱ्यावर फिरायचे, त्यांची घडीची खुर्ची उचलायचे. कॅनव्हास परवडायचा नाही. होड्यांना तेव्हा यंत्रं बसू लागली होती, शिडं माळ्यावर पडली होती. बाबलीनं आपलं जुनं शीड दिलं, आईनं, यमुनाबाईनं, त्याचे दोन बरे तुकडे जाड दोऱ्यानं जोडून दिले आणि बाबांनी त्यावर खळ चढवून हे चित्र काढलं. जाताना नाबर निरोप घ्यायला आले, पडवीत हे चित्र बघून उभेच राहिले आणि म्हणाले, ‘मास्तर, हे मला द्या. हे मी काढलं असतं तर बरं झालं असतं.’ बाबांनी चित्र तिथंच देऊन टाकलं, आणि हे वाक्य त्यांनी पुढं किती जणांना सांगितलं असेल! शाळेच्या शिपायाला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. निकेत मोठा होत गेला तसा बाबांनी ते वाक्य सुरू केलं की तो उठून दुसरीकडे जायला लागला. नाबर त्या पावसातच वारले. पुढं दहा-बारा वर्षांनी त्यांच्या चित्रांना भाव आला. कोकणातली तर मोजून अकराच, त्यामुळे त्यांना जास्तच आला. हे बारावं. मॅडम चित्र उलटं करून पाठ न्याहाळत होत्या. ‘शिडाचं कापड! आणि ही शिवण बघ. कोळ्यांच्या हातची शिवण. काय माणूस असेल हा!’ पाठीवर नाबरबाईंनी नवऱ्याच्या संग्रहाचा शिक्का मारला होता. बाईंनी खोटं काही केलं नव्हतं. नवऱ्याच्या उशाशी जे चित्र होतं ते नवऱ्याचंच, असं कुठलीही बायको समजेल.

निकेतनं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्या अवकाशात एक वेगळीच गोष्ट घडली आणि पुढं कित्येक महिने त्याला टोचत राहिली ती नेमकी तीच. चित्र नाबरांचं होतं तोवर त्याला ते थोर वाटलं होतं. बापाचं आहे हे कळल्यावर त्याचे डोळे खाली सरकले. होडीच्या मागच्या फळीचा कोन चुकलाय. पट्ट्याचा तांबडा जरा भडकच. माणसाचा डावा खांदा शाळेतल्या चित्रासारखा. एवढं सगळं त्याला क्षणात दिसलं, आणि दिसल्याबरोबर त्याचे कान तापले. कारण चित्रात काहीच बदललं नव्हतं. मॅडम नव्या मुलांना शिकवताना सांगायच्या, आधी नाव, मग काळ, मग ते कुणाच्या भिंतीवरून कुणाच्या भिंतीवर गेलं; चित्र चांगलं असेल तर उत्तमच. मुलं हसायची. निकेतही हसायचा, मनात म्हणायचा, बाजार असा असला तरी आपला डोळा तसा नाही. आता त्याला कळलं की बाजार कुठं बाहेर भरत नाही. तो इथं, भुवयांच्या आत भरतो.

‘तू तिकडचाच ना?’ मॅडमनी विचारलं. ‘देवगडचा?’ तो ‘हो’ म्हणाला. ‘मग लिलावाच्या पुस्तकातलं टिपण तूच लिही. जागा ओळखू येते का, तेही घाल. जागा पटली की घेणाऱ्याला बरं वाटतं.’ जागा ओळखू येत होती. होडीच्या पलीकडे चित्रात न आलेला माड कुठं असेल तेही तो सांगू शकला असता. हे माझ्या वडिलांनी काढलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण ‘वडील’ हा शब्द त्या इमारतीत त्यानं कधी खरा वापरलाच नव्हता. वडील काय करतात असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, ‘आमचं मासेमारीचं आहे,’ आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ट्रॉलर उभे राहायचे. आईच्या माहेरी मासेमारी होती, म्हणजे तसं खोटंही नव्हतं. फक्त चित्रकलेचा मास्तर तेवढा त्यातून गळायचा. मोठ्या चित्रकाराचा मुलगा चालतो, कोळ्याचा मुलगा तर कौतुकानं चालतो. पण पाटीवर कमळ काढून दाखवणाऱ्या, होडीवर ‘जय कुणकेश्वर’ रंगवणाऱ्या हौशी मास्तरांचा मुलगा म्हटलं की समोरचा नुसता ‘अच्छा’ म्हणतो. तो ‘अच्छा’ निकेतनं एकदाच ऐकला होता आणि तो ऐकू आला तेव्हा तो बापापासून चार पावलं लांब उभा होता.

ती गोष्ट अठ्ठ्याण्णवची. कोकणातली गाडी नुकतीच सुरू झाली होती. निकेत कला शाखेची पदवी घेऊन काळ्या घोड्याजवळच्या एका गॅलरीत कामाला लागला होता. चित्रं पुसायची, खिळे मारायचे, चहा सांगायचा. सकाळी अकराच्या सुमारास काचेच्या दारातून बाबा आत आले. वैभववाडीला गाडीत बसले होते ते थेट. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या चपला, काखेत चादरीत गुंडाळलेली चित्रांची वळकटी. येतो म्हणून त्यांनी कळवलं नव्हतं. निकेतला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मालक नेमके बाहेरच्या खोलीत होते. बाबा त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलू लागले, कचेरीत बोलतात तसं, प्रत्येक शब्द पायरीवर पाय ठेवल्यासारखा ठेवत. ‘मी चित्रं काढतो. आपण पाहावीत अशी विनंती आहे.’ मालक सज्जन होते. त्यांनी वळकटी उलगडू दिली. सात चित्रं होती. पहिली दोन त्यांनी पाहिली, पुढची नुसती उलटली आणि मग निकेतकडे वळून म्हणाले, ‘तुझ्या ओळखीचे आहेत का रे?’ निकेतनं बाबांच्या चपलांकडे बघितलं आणि तो म्हणाला, ‘आमच्या गावचे आहेत.’

बस, एवढंच. मालक म्हणाले, ‘अच्छा. छान छंद आहे. जोपासा.’ बाबांनी चित्रं एकेक करून पुन्हा गुंडाळली, घाई न करता, चादरीची गाठ नीट मारली. ‘आभारी आहे,’ म्हणाले. निकेत त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला. तिथं त्यांनी खिशातून मालवणी खाज्याचा पुडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, ‘आवशीन दिलाहा. जा तू, तुझो मालक वाट बघता आसतलो.’ रागानं म्हणाले असते तर बरं होतं. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. त्यानंतर घरी जाणं झालं, दिवाळी झाली, गणपती झाले. त्या दिवसाचा शब्द दोघांच्याही तोंडून आला नाही. बाबांनी कापडावर चित्र काढणं सोडलं, हे निकेतला आईकडून दोन वर्षांनी कळलं. होड्यांवर नावं घालणं तेवढं चालू होतं.

टिपण लिहायला त्याला चार दिवस लागले. एरवी दिवसाला तीन व्हायची. लिहायला बसला की शब्द आपसूक येत होते, आणि ते खरे होते हीच पंचाईत होती. ऊन दाखवण्यासाठी चित्रकारानं ऊन रंगवलेलंच नाही, बाकीच्या वस्तू त्यात विरू दिल्या आहेत, असं त्यानं लिहिलं. पाठमोऱ्या माणसाला चेहरा नाही, पण त्याच्या मानेवरून तो किती वेळ बसलाय ते कळतं, असं लिहिलं. फळीच्या चुकलेल्या कोनाला तो ‘मुद्दाम मोडलेली दृष्टी’ म्हणाला. हे लिहिताना मात्र थांबला, उठून पाणी प्याला आणि परत येऊन तसंच ठेवलं. बापाच्या हाताबद्दल आयुष्यात त्यानं उच्चारलेलं पहिलं चांगलं वाक्य इंग्रजीत होतं आणि वर नाव दुसऱ्याचं होतं. मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘निकेत, तू चित्रासमोर उभा राहून लिहिलंयस.’

लिलाव हॉटेलातल्या दालनात झाला. अंदाज अठरा लाखांचा होता. खोलीतले हात वीसवर थांबले आणि मग दोन टेलिफोन उरले, एक दिल्लीचा, एक दुबईचा. दुबईचा फोन निकेतच्या कानाला होता. पलीकडच्या माणसानं चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. त्यानं फक्त टिपण वाचलं होतं. ‘शिडाचं कापड खरंच आहे ना?’ त्यानं मध्येच विचारलं. ‘खरंच आहे,’ निकेत म्हणाला. त्या संध्याकाळी तो बोललेला हा एकच खरा शब्द. पंचवीस, तीस, पस्तीस. दिल्लीवाला हटेना म्हणून दुबईवाला हटेना, चित्राचा त्यात काही संबंध उरला नव्हता. दोन माणसं अंधारात एकमेकांची मनगटं पिळत होती. एक्केचाळीसवर हातोडा पडला. टाळ्या वाजल्या. मॅडमनी त्याचा खांदा दाबला. फोन ठेवताना त्याच्या लक्षात आलं, आपल्याला आनंद झालाय. खराखुरा, छाती भरून आनंद. बाबांचं चित्र एक्केचाळीस लाखांना गेलं! आणि हे सांगायला सगळ्या दालनात, सगळ्या मुंबईत एक माणूस नव्हता. आनंद तसाच आत राहिला आणि रात्रीपर्यंत आंबला.

मे महिन्यात तो घरी गेला. काय करायला जातोय हे त्यानं स्वतःला नीट विचारलं नाही. पिशवीत लिलावाचं पुस्तक होतं. बाबांना सांगायचं, मग ते म्हणतील तसं करायचं, मॅडमना पत्र लिहायचं, नोकरी गेली तर गेली. गाडीत बसल्यावर हे सगळं सोपं वाटत होतं. वैभववाडीला उतरून तळेऱ्यावरून एसटीनं कुणकेश्वरला पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले आणि सोपेपणा वाटेत कुठंतरी सांडला. बाबा पडवीत बसून कुणाच्या तरी होडीची पाटी रंगवत होते. केस पुरते पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

‘इलंस? बस. पाणी घे आधी.’

पाणी पिऊन झाल्यावर निकेतनं पुस्तक त्यांच्यापुढं उघडून धरलं. बाबांनी हात पंच्याला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं. पानावर डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर. ते बराच वेळ बघत राहिले. निकेतला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

‘बाईन जपून ठेवल्यान,’ शेवटी ते म्हणाले. ‘माका वाटला, पावसात कुसान गेला आसतला.’ मग बोट मजकुरावर टेकवून, ‘हयसर काय लिवलां आसा? वाचून दाखव.’

निकेतनं वाचलं. इंग्रजीचं मराठी करत. उन्हाबद्दल वाचलं, माणसाच्या मानेबद्दल वाचलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, शाळेत पाहुण्यांचं भाषण ऐकावं तसे. मोडलेल्या दृष्टीपाशी ते एकदम हसले. ‘मुद्दाम खंयचा रे! तो कोन माझो चुकलो. नाबरांनी पण माका तसाच सांगितल्यानी. आणि तो तांबडो म्हणजे हिरवो सपलो म्हणान होडयेक लावतत तो लावलंय.’ मग, ‘कोणी लिवलां ह्यां?’

‘मी.’

‘बरां लिवलंस.’ त्यांनी पान हातानं सारखं केलं. ‘लय बरां लिवलंस रे.’

किती किमतीला गेलं ते त्यांनी विचारलंच नाही. निकेतनं आपण होऊन सांगितलं. आकडा पडवीत पडला आणि कोंबडीच्या पिल्लासारखा इकडंतिकडं करून कुठं नाहीसा झाला. बाबा म्हणाले, ‘नाबरांच्या नावाक तितके पडतले.’ आता बोलायला हवं होतं. बाबा, मी त्यांना सांगतो. बाबा, त्या दिवशी गॅलरीत मी. वाक्यं दोन होती आणि एकाशिवाय दुसरं बाहेर येत नव्हतं. तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून हाक आली, ‘गुणाजी, माझी पाटी झाली काय रे?’ आणि बाबलीकाका आत आला. म्हातारा, वाकलेला, तरी मानेचा तोच ताठा.

‘निकेत! कधी इलंस मुंबयसून?’ म्हणत त्याची नजर बाबांच्या मांडीवर गेली. तो खाली बसला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि ओरडलाच, ‘अरे माझ्या देवा! ही माझी होडी! हो मीच बसलंय! गुणाजी, ह्यां तू काडललंस मां, ह्याच पडवेर बसान? माझ्याच शिडार! पुस्तकात छापल्यानी? यमुने, अगो बघ हय येऊन!’ आई हात पुसत दारात आली.

बाबांनी चष्मा काढला. निकेतकडे त्यांनी बघितलं नाही. आणि ते शुद्ध मराठीत बोलले, एकेक शब्द पायरीवर ठेवत, ‘नाही, बाबली. हे चित्र नाबरांचं आहे.’

बाबली त्यांच्याकडे बघतच राहिला. ‘नाबर तेव्हा महिनोभर गोव्याक गेललो. माका बरी याद आसा. शीड तुका दिलंय मी.’

‘तुझी गल्लत होते आहे. त्यांनी नंतर काढलं.’

‘माझी गल्लत?’ बाबली निकेतकडे वळला. ‘तूच सांग रे. तू शिकललो, तुझां कामच तां. कोणाचां चित्र ह्यां?’

पडवीत पाटीवरच्या ओल्या रंगाचा वास होता. आई दारात उभी होती. निकेतला दिसत होतं की बाप आपल्यासाठी खोटं बोललाय, आपण एक शब्द बोललो की ते खोटं पुसलं जाईल, आणि तो शब्द विचारणारा हा साधा म्हातारा आहे, मॅडम नाही, दुबईचा माणूस नाही. इथं नोकरी जात नाही, अब्रू जात नाही, इथं काहीच जात नाही. त्यानं तोंड उघडलं. ‘हो काका,’ तो म्हणाला. ‘नाबरांचंच आहे.’

बाबलीनं पुस्तक हळूच खाली ठेवलं. ‘आसात बाबा. म्हातारपणी नदर जाता तशी याद पण जाता. गुणाजी, राग मानू नको हां, उगाच तुझा नाव घेतलंय.’ तो आपली पाटी न घेताच उठला. बाबांनी मान हलवली, कुंचला उचलला आणि पाटीवरचं अर्धं राहिलेलं अक्षर पुरं करू लागले. निकेत त्यांच्या हाताकडे बघत बसला. बघता बघता त्याला वाटलं, आता कधीतरी हे वर मान करतील आणि काहीतरी बोलतील, शिवी देतील. अक्षर पुरं झालं, दुसरं सुरू झालं.

आई कधी आत गेली ते त्याला कळलं नाही. जेवायला हाक आली तेव्हा बाबांचं ताट नेहमीसारखं जमिनीवर होतं आणि त्याच्यासाठी पाट मांडला होता, शेजारी पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. तळलेला बांगडा आधी त्याच्या ताटात आला, मोठा. भात संपत आला तशी आई पातेलं घेऊन पुढं झाली आणि डॉक्टरांशी, बँकेतल्या साहेबांशी बोलण्यासाठी जी भाषा ती ठेवून असायची त्या भाषेत तिनं विचारलं, ‘अजून भात घेणार का?’

‘घाल गो आये,’ असं त्याला म्हणायचं होतं. जीभ टाळूला लागली, पण शब्द वळले नाहीत.

‘हो,’ तो म्हणाला. ‘थोडासा.’